चांगला मिस्त्री मिळत का नाही आणि मिळालेला टिकत का नाही? गॅरेजमालकांचे नेहमीचे प्रश्न

पिंपरी-चिंचवडला आमचं चारचाकी गाड्यांचं गॅरेज आहे. दोन लिफ्ट, एक खड्डा आणि मला धरून आठ माणसं. दुसरे गॅरेजवाले पूर्वी एखादा पार्ट अडला की फोन करायचे. आता फोन येतो तो माणसासाठी. "एखादा चांगला मिस्त्री असेल तर सांगा ना." त्यांनी विचारलेले प्रश्न आणि मी वेळोवेळी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

जाहिरात दिली, बोर्ड लावला, तरी कोणी येत नाही. चांगले मेकॅनिक गेले कुठे?

आमच्या भागापुरतं बोलायचं तर चाकण, तळेगाव आणि रांजणगावला. आयटीआय झालेल्या मुलाला कंपनीच्या लाइनवर कंत्राटी का होईना, पण गणवेश, बस, कॅन्टीन आणि ठरलेल्या तारखेला पगार मिळतो. थोडे कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जातात, काही आखाती देशांत. ज्यांचा हात खरोखर चांगला असतो ते चार-पाच वर्षांत स्वतःचं शटर उघडतात.

दुसरं कारण आपल्याकडेच आहे. पूर्वी गावाकडचा मुलगा उस्तादाच्या हाताखाली दोन वर्षं पाने पुसायचा, शिव्या खायचा आणि मग त्याला इंजिनला हात लावू द्यायचे. आजचा मुलगा ते सोसत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. जुनी वाट बंद झाली आणि तिच्या जागी आपण नवी काही बांधली नाही.

मग शोधायचं कुठे?

आयटीआयमध्ये, आणि तेही परीक्षेच्या आधी. 'मेकॅनिक मोटर व्हेइकल' हा दहावीनंतरचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, 'मेकॅनिक डिझेल' एक वर्षाचा. निकाल लागल्यावर गेलात तर चांगली मुलं कंपन्यांनी आधीच उचललेली असतात. मी जानेवारी-फेब्रुवारीत जातो. औंधची शासकीय आयटीआय असो की तालुक्याची, पद्धत एकच: निदेशकांना भेटायचं, विचारून एखादं खराब झालेलं इंजेक्टर किंवा जळालेली क्लच प्लेट मुलांना दाखवायला न्यायची, तासभर बोलायचं. कोण पुढे येऊन प्रश्न विचारतो ते तिथेच दिसतं.

दुसरी जागा म्हणजे पार्टच्या दुकानांचे काउंटर. नाना पेठेतल्या काउंटरवरच्या माणसाला पक्कं ठाऊक असतं की कोणता मिस्त्री नेमका पार्ट मागतो आणि कोण अंदाजाने तीन नेऊन दोन परत करतो. त्याचा शब्द मला कुठल्याही बायोडेटापेक्षा मोलाचा वाटतो.

तिसरी जागा आपलीच माणसं. आमच्याकडचे तिघे एकाच तालुक्यातले आहेत, एकमेकांच्या शब्दावर आलेले. फक्त एक पथ्य मी पाळतो: शेजारच्या गॅरेजमधला माणूस त्याच्या मालकाला न सांगता फोडून आणायचा नाही. जो पाचशे रुपयांसाठी तिकडून तुमच्याकडे येतो, तो पाचशेसाठीच पुढे जातो.

छोट्या गॅरेजला अप्रेंटिस घेता येतो का?

येतो, आणि फार थोड्यांना हे माहीत आहे. अप्रेंटिस कायदा १९६१चा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे. चार ते एकोणतीस माणसं असतील तर ऐच्छिक आहे. केंद्राच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत, जी २०१६मध्ये सुरू झाली, ठरलेल्या विद्यावेतनाचा पाव हिस्सा, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं. पोर्टलवर नोंदणी आणि करार करावा लागतो. पहिल्या वेळी वैताग येतो, दुसऱ्या वेळी येत नाही.

पण स्वस्तातला हेल्पर मिळतोय म्हणून अप्रेंटिस घेऊ नका. त्याला वर्षभर चहा आणायला आणि गाड्या धुवायला ठेवलं तर तो आयटीआयमध्ये जाऊन तेच सांगेल आणि पुढच्या वर्षी तुमच्याकडे कोणी फिरकणार नाही. आमच्याकडे अप्रेंटिसची एक वही असते. पहिल्या तीन महिन्यांत ब्रेक, ऑइल, फिल्टर. मग सस्पेन्शन आणि क्लच. सहाव्या महिन्यापासून मल्टिमीटर. काम स्वतःच्या हाताने केलं की तारीख घालून मिस्त्रीची सही घ्यायची. सहीसाठी मिस्त्रीलाही शिकवावं लागतं, हा त्या वहीचा खरा फायदा.

ओळखीतला एक पंधरा वर्षांचा मुलगा आहे, घरची परिस्थिती बिकट आहे. ठेवून घेऊ का?

नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं हा सरळ गुन्हा आहे, आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही. लिफ्टखाली, कॉम्प्रेसरजवळ, पेट्रोलच्या वासात पोरगं उभं करायचं नाही. मदत करायची तर त्याची आयटीआयची फी भरा.

मुलाखतीत काय विचारायचं?

बोलणं थोडं, काम जास्त. मी एक दिवस कामावर बोलावतो आणि त्या दिवसाचे पैसे देतो. फुकट दिवसभर राबवून घेतलं तर माणसाला तुमचा स्वभाव त्याच दिवशी कळतो.

आमची एक जुनी गाडी परीक्षेसाठीच ठेवली आहे. इंजिनला जाणारी अर्थची पट्टी सैल करून ठेवतो, म्हणजे सेल्फ जड फिरतो. मग सांगतो, "सकाळी गाडी लवकर चालू होत नाही, बघा." बरेच जण थेट म्हणतात, बॅटरी गेली. काही जण सेल्फ मोटर उतरवायला निघतात. मला हवा असतो तो माणूस आधी ग्राहकाला विचारतो, कधीपासून होतंय, मध्ये काही काम झालंय का. मग मीटर लावतो. बंद गाडीवर बॅटरी १२.६च्या आसपास दाखवतेय म्हणजे चार्ज ठीक आहे. मग सेल्फ मारताना बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये मीटर धरतो. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं की दोष अर्थिंगचा. पाच मिनिटांचं काम, आणि एकही पार्ट बदलावा लागत नाही.

सीनियर जागेसाठी असेल तर अजून एक विचारतो: इग्निशन बंद करून ओबीडी सॉकेटच्या (दोष वाचणारा स्कॅनर जोडायची जागा) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला तर किती यायला हवा? ज्याने कॅन लाइनवर, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन तारांवर, काम केलंय तो लगेच ६० ओहम सांगतो, कारण १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात. १२० दाखवलं तर त्यातला एक तुटलेला, हेही तोच पुढे सांगतो. उत्तर आलं नाही म्हणून मी नाकारत नाही. "माहीत नाही, पण शिकेन" असं सरळ म्हणणाऱ्याला मी घेतलंय, आणि माहीत नसताना ठोकून देणाऱ्याला परत पाठवलंय.

काम संपल्यावर हत्यारं पुसून जागेवर जातात का, आणि गाडीत बसताना सीटवर कव्हर टाकतो का, एवढं लांबून पाहून ठेवायचं.

पगार किती द्यायचा?

आकडा गावागणिक वेगळा, म्हणून मी तो सांगत नाही. तुलना कशाशी करायची ते सांगतो. तुमच्या जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्याच अनुभवाच्या माणसाला हातात काय मिळतं, त्यात पीएफ, ईएसआय (कामगार विमा), बोनस आणि इन्सेंटिव्ह मिळवून बघा. आपण नुसत्या पगाराशी तुलना करतो आणि "तेवढाच तर देतो" म्हणतो, तिथे फसतो.

आता माणूस गेल्यावर काय होतं याचा हिशेब मांडू. समजा मिस्त्रीचा पगार २५,००० आहे आणि त्याच्या हातून दिवसाला २,५०० रुपयांची मजुरी होते, म्हणजे २६ दिवसांचे ६५,०००. तो गेला. नवा मिळायला दीड महिना लागला, तिथे ९७,५०० बुडाले. नव्याचा हात बसेपर्यंत दोन महिने निम्मंच काम झालं, ते आणखी ६५,०००. वाचलेला दीड महिन्याचा पगार, ३७,५००, वजा केला तरी सव्वा लाख राहतात. गेलेला माणूस महिन्याला ३,००० वाढवून मागत होता. सव्वा लाखात त्याची ती वाढ जवळजवळ साडेतीन वर्षं देता आली असती. आणि त्याच्या नावाने येणारी गिऱ्हाइकं यात धरलेलीच नाहीत.

पगाराची तारीख मात्र एकच हवी. आमची दहा. दहाला रविवार आला तर नऊला. "पेमेंट अडकलंय, दोन दिवस थांब" हे वाक्य मी धंद्याच्या पहिल्या तीन वर्षांत फार वापरलं, आणि त्या काळात माझ्याकडे एकही माणूस वर्षभर टिकला नाही.

इन्सेंटिव्ह कशावर द्यावा?

गाड्यांच्या संख्येवर देऊ नका. ब्रेकच्या कामात घाई झालेली मला चालत नाही. आम्ही महिन्याची एकूण मजुरी एका ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की वरच्या रकमेचा हिस्सा सगळ्यांत वाटतो, हेल्परसकट. गाडी त्याच तक्रारीसाठी महिन्याच्या आत परत आली तर त्या कामाची मजुरी बेरजेत धरत नाही. मूळ पगाराला हात लावत नाही. सगळ्यांचा वाटा असल्यामुळे एक जण अडला की दुसरा आपणहून लिफ्टखाली येतो.

पार्टच्या दुकानातून मेकॅनिक परस्पर कमिशन घेतो. काय करावं?

आधी पगार बघा. कमी पगारात माणूस वरच्या कमाईवर घर चालवत असेल तर नुसतं रागावून ते थांबत नाही. मी पगार वाढवला, मग सगळ्यांना बसवून सांगितलं की यापुढे पार्ट मी मागवणार आणि बिल ग्राहकाच्या व्हॉट्सअॅपवर जाणार. दुकानदारालाही स्पष्ट सांगितलं. दोघं नाराज झाले, एक सोडून गेला. उरलेल्यांनी ते मान्य केलं.

उचल द्यावी की नाही?

द्यावी. मिस्त्रीच्या घरी लग्न असतं, आई दवाखान्यात असते, जूनमध्ये मुलांची फी आणि पेरणी एकत्र येते. बँक त्याला दारात उभं करत नाही. अशा वेळी "आपलं तसं धोरण नाही" म्हणणाऱ्या मालकासाठी तो कशाला थांबेल?

पण उचल देण्याची रीत असते. आमच्याकडे दोन महिन्यांच्या पगाराच्या वर नाही. व्याज नाही. दोघांच्या वहीत तारखेसह नोंद, आणि महिन्याला किती कापायचं हे देतानाच ठरतं. एवढंच कापायचं की घरी किराणा भरता येईल. कोणी मध्येच सोडलं तर उरलेले पैसे मागायचे जरूर, पण "फेडल्याशिवाय जाता येणार नाही" असं म्हणायचं नाही. कर्जापोटी माणसाला कामावर अडकवून ठेवणं म्हणजे वेठबिगारी, आणि तिच्यावर १९७६पासून कायद्याने बंदी आहे. माझी दोनदा रक्कम बुडाली आहे. त्यातला एक सहा वर्षांनी येऊन पैसे टेबलावर ठेवून गेला.

मूळ सर्टिफिकेट ठेवून घेतलं किंवा बॉण्ड लिहून घेतला तर?

सर्टिफिकेट ठेवून घेऊ नका, ते त्याचं आहे. आणि "सोडल्यावर दोन वर्षं या भागात गॅरेज काढणार नाही" असा बॉण्ड न्यायालयात टिकत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २७नुसार कोणाला कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार निरर्थक ठरतो.

आम्ही सहा-सात जण आहोत. पीएफ, ईएसआयची गरज आहे का?

ईएसआय दहा माणसांपासून लागतो, पीएफ वीसपासून. त्याखाली सक्ती नाही, पण पीएफसाठी स्वेच्छेने नोंदणी करता येते. ती जमत नसेल तर निदान एवढं करा: प्रत्येकाचं बँक खातं प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेला जोडा. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आहे. जीवनज्योती योजनेचे ४३६ रुपये, त्यात दोन लाखांचा आयुर्विमा. हे दोन्ही हप्ते मालकाने भरले तर माणशी ४५६ रुपये होतात. आपल्या कामात गाडी खाली पडू शकते, हे आपण रोज पाहतो.

शिकवलं की मुलगा निघून जातो. मग शिकवायचं कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि मीही एकेकाळी विचारायचो.

१ एप्रिल २०२०पासून देशात बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, आलं. तेव्हापासून दारात येणाऱ्या डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. शहरात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारून तो काजळीने भरतो, दिवा लागतो आणि गाडी ताकद सोडते. जुन्या पद्धतीचा उत्तम मिस्त्रीही तिथे अडतो. स्कॅनरवर डिफरन्शियल प्रेशर (फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) वाचता आलं पाहिजे, रीजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) कधी करायचं आणि कधी करायचं नाही ते कळलं पाहिजे. इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये तर बऱ्याच ठिकाणी तीनशे व्होल्टच्या वर डीसी आहे. न शिकलेला माणूस तिथे हात घालून जिवाला मुकेल. न शिकवता ठेवलेला मिस्त्री तुमच्याकडे दहा वर्षं राहिला तर या गाड्या कोण बघणार?

माझ्याकडून गेलेल्यांशी मी नंतर बोललो आहे. पगाराचं कारण सगळ्यांनी दिलं. पण जरा निवांत बोलल्यावर अनेकांनी सांगितलं की तुमच्याकडे स्कॅनर तुम्हीच धरायचात, आम्ही फक्त पार्ट बदलायचो. ते खरं होतं. महागाचं यंत्र म्हणून मी ते केबिनमध्ये कुलपात ठेवायचो. आता ते फ्लोअरवर असतं. बुधवारी सकाळी पहिला तास शटर अर्धं खाली आणि त्या आठवड्यातली अडलेली एक गाडी सगळ्यांनी मिळून बघायची. ज्याने ती सोडवली तोच समजावतो, मी ऐकतो.

ज्यांच्याकडे कागद नाही पण हात आहे, अशांसाठी कौशल्य विकास योजनेत 'पूर्वशिक्षणाची मान्यता' असा मार्ग आहे. चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात. आमच्या सातवी शिकलेल्या मिस्त्रीने आपलं प्रमाणपत्र फ्रेम करून घरी देवघराशेजारी लावलं आहे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते तेव्हा आम्ही नवं हत्यार आणतो आणि ज्याच्या हाताने ते वापरलं जाणार त्याच्याच हातून त्याला हळदकुंकू लावतो. गेल्या वेळी तो टॉर्क रेंच होता.

काम बिघडवलं तर पगारातून कापावं का?

नाही. कापायला लागलात की चुका लपवल्या जातात, आणि लपवलेली चूक हायवेवर उघडी पडते.

आमच्याकडच्या एका मुलाने ऑइल फिल्टर बदलला. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलं होतं, त्यावरच नवा चढला. तळेगावच्या अलीकडे सगळं ऑइल रस्त्यावर. सुदैवाने ग्राहकाने लाल दिवा पाहून लगेच इंजिन बंद केलं. गाडी टो होऊन आली तेव्हा ग्राहकासमोर, सगळ्यांसमोर, मी त्या मुलाला नको ते बोललो. तो एक शब्द बोलला नाही. संध्याकाळपर्यंत काम केलं, दहा तारखेला पगार घेतला आणि अकराला आला नाही. हात फार चांगला होता त्याचा. मी घरी जाऊन माफी मागितली, पण तोवर तो दुसरीकडे लागला होता.

त्यानंतर नियम केला. फिल्टर काढला की जुनं रबर फिल्टरलाच आहे हे दुसऱ्याला दाखवायचं, मगच नवा लावायचा. आणि ग्राहकासमोर बोलायचं ते मी माझ्या नावावर घेऊन बोलतो. बाकीचं आत, दार लावून.

सुट्ट्या आणि खाडे कसे सांभाळायचे?

पाडव्याला वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावतो आणि प्रत्येक जण आपली तारीख लिहितो. कोकणातला गणपतीला जाणारच, उत्तरेकडचा छटला, घाटावरचा गावच्या जत्रेला. हे अडवता येत नाही, म्हणून आधी माहीत हवं. दिवाळीआधीचा आठवडा आपल्या गर्दीचा, तेव्हा थांबणाऱ्याला वेगळे पैसे. महिन्यातून दोन पगारी सुट्ट्या दिल्यावर न सांगता होणारे खाडे आमच्याकडे बरेच कमी झाले.

मिस्त्री पंचेचाळिशीला आला, कंबर गेली. आता?

त्याला लिफ्टखालून बाहेर काढा, गॅरेजबाहेर नाही. आवाज ऐकून बेअरिंग ओळखणारा कान अजून शाबूत आहे. टेस्ट ड्राइव्ह, निदान, शेवटची तपासणी आणि मुलांना शिकवणं ही कामं त्याची. मुलं हे बघत असतात. आपलं वय झाल्यावर इथे काय होणार हे त्यांना त्याच्याकडे बघून कळतं.

मुली या कामात येतील का?

आयटीआयमध्ये आहेत. तुमच्याकडे आतून कडी लागणारं स्वच्छ शौचालय आणि कपडे बदलायला जागा आहे का, ते आधी बघा. आमच्याकडे गेल्या वर्षापर्यंत नव्हती.

माझा सगळ्यात चांगला मिस्त्री स्वतःचं गॅरेज काढतोय. थांबवू कसा?

थांबवू नका. भागीदारी किंवा मजुरीत मोठा वाटा देता येत असेल तर तो बेत त्याच्या मनात येण्याआधी, साधारण चौथ्या वर्षी बोलून टाका. जागेचं डिपॉझिट दिल्यावर बोललात तर उशीर झालेला असतो.

निघालाच असेल तर हिशेब चोख करा, राहिलेला पगार त्याच दिवशी द्या आणि मुद्रा कर्जाचा अर्ज भरायला मदत करा. त्या योजनेतल्या 'किशोर' नावाच्या गटात पाच लाखांपर्यंत मिळतं. त्यात सुरुवातीची हत्यारं आणि कॉम्प्रेसर बसतो. आमच्याकडचा एक जण दोन किलोमीटरवर आहे. गिअरबॉक्स उघडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, म्हणून आमच्या गाड्या त्याच्याकडे जातात. त्याच्याकडे स्कॅनिंगचं अडलं की गाडी आमच्याकडे येते. गेल्या महिन्यात त्याने फोन केला, "दादा, एक मुलगा आहे, माझ्याकडे जागा नाही, पण हात चांगला आहे, पाठवू का?" तो आता आमच्याकडे खड्ड्यावर आहे.